अहवालातील ‘वाय’ आणि तुमची लेक

(सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील एका आईच्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

“आमची द्राक्षबाग आहे, गोठ्यात चार जनावरे आहेत. थोरल्या मुलीला १८ वर्षे पूर्ण झाली. बारावी होऊन ती आता पोलीस भरतीची तयारी करते आहे. तिला अजून पाळी आलेली नाही. शरीराची बाकी वाढ इतर मुलींसारखीच झाली आहे, काखेत मात्र केस जवळजवळ नाहीत. मिरजेला तपासण्या केल्या, तेव्हा सोनोग्राफीत गर्भाशय नसल्याचे निघाले आणि गुणसूत्रांच्या अहवालात ‘४६, एक्सवाय’ असे आले. पोटात वृषण आहेत, ते काढावे लागतील, असे सांगताना डॉक्टर म्हणाले की, मुळात हा मुलगाच व्हायचा होता. मुलीला यातले काहीही ठाऊक नाही. तिचे वडील म्हणतात, पोटात गाठ आहे असे सांगून दिवाळीच्या आत शस्त्रक्रिया उरकून घेऊ. नणंद म्हणते, मुलगी माझ्याच घरात द्या, म्हणजे बाहेर बोभाटा होणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीलाही कधी पाळी आली नव्हती. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला परत पाठवले आणि ती आजही माहेरी राहते. मुलगी पोटात असताना मी ग्रहण पाळले नव्हते, बागेत फवारणीही चालू असायची, त्याचा हा परिणाम असेल का? मागे आमच्या गाईला जुळे झाले होते, एक खोंड आणि एक कालवड. ती कालवड गाभण राहीना, म्हणून आम्ही बाजारात विकली. हल्ली रात्री झोप लागत नाही, तेव्हा सारखी तीच कालवड डोळ्यांपुढे येते. माझी मुलगी खरोखर मुलगी आहे की मुलगा, आणि मी आता काय करू?”

ताई, सप्रेम नमस्कार.

ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे, त्याचे उत्तर आधी देते. तुमची लेक मुलगी आहे. अहवाल आला त्या दिवशी तिच्यात काहीही बदललेले नाही. बदलली ती तुमची तिच्याविषयीची माहिती. ‘मुळात मुलगाच व्हायचा होता’ हे विधान एखाद्या आईपुढे करणे निष्ठुरपणाचे आहेच, पण जीवशास्त्राच्या दृष्टीनेही ते ढिसाळ आहे, आणि ते का ढिसाळ आहे हे नीट कळल्याशिवाय पुढचे निर्णय तुम्हाला शांतपणे घेता येणार नाहीत. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

गर्भधारणेनंतरचे पहिले सहा आठवडे उलटेपर्यंत कोणत्याही मानवी गर्भाच्या रचनेवरून तो मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही. पुढे वृषण किंवा बीजांडकोश होऊ शकणारी ग्रंथी तेव्हा एकसारखीच असते, आणि नलिकांच्या दोन्ही जोड्या, म्हणजे जिच्यापासून गर्भाशय घडते ती आणि जिच्यापासून वीर्यवाहिनी घडते तीही, प्रत्येक गर्भात हजर असतात. सहसा पुरुषांतच आढळणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रावर ‘एसआरवाय’ नावाचे एक जनुक आहे. ते १९९० साली ओळखले गेले. या जनुकाने इशारा दिला की ती ग्रंथी वृषण होऊ लागते. ‘वाय’चे या बाबतीतले मुख्य काम एवढेच. पुढचे काम वृषणातून पाझरणारी दोन संप्रेरके करतात. एक संप्रेरक गर्भाशयाच्या नलिका विरघळवते, त्याला अँटी-म्युलेरियन हार्मोन म्हणतात. दुसरे टेस्टोस्टेरॉन, शरीराला पुरुषाचा घाट देण्याचे काम त्याचे. मात्र टेस्टोस्टेरॉन नुसते रक्तात असून भागत नाही. पेशींमध्ये त्याला धरणारे ग्राही प्रथिन असावे लागते, आणि त्या प्रथिनाचे जनुक ‘वाय’वर नसून ‘एक्स’ गुणसूत्रावर असते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत बहुधा नेमके हेच जनुक काम करत नसावे. कालव्याला पाणी सुटले, पाटाने ते बांधापर्यंत आले, पण शेताचे दारे फोडलेच नाही, तर त्या पाण्याचा पिकाला उपयोग नाही. तसे तिचे टेस्टोस्टेरॉन रक्तात फिरत राहिले आणि शरीराच्या एकाही पेशीने ते घेतले नाही. पहिले संप्रेरक मात्र आपले काम करून गेले, म्हणून गर्भाशय घडले नाही. वयात येताना याच टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलला गेला, म्हणून तिची वाढ इतर मुलींसारखी झाली. काखेतील केस टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांच्या परिणामाने येतात, म्हणून ते आले नाहीत. तुमच्या पत्रातील प्रत्येक लक्षण या स्पष्टीकरणात बसते. वैद्यकशास्त्र या स्थितीला ‘संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता’ म्हणते. निदानावर शिक्का तज्ज्ञ डॉक्टरांनीच मारायचा आहे, पण तुमच्याशी बोलताना त्यांनी किमान इतके तरी सांगायला हवे होते.

आता तुम्हीच सांगा, या मालिकेतील कोणत्या एका पायरीला ‘खरे लिंग’ म्हणायचे? गुणसूत्राला म्हटले, तर तुमची मुलगी एका बाजूला जाते. शरीराच्या घडणीला म्हटले, तर दुसऱ्या बाजूला. ती स्वतःला काय समजते याला म्हटले, तर प्रश्नच उरत नाही. बहुतेक माणसांमध्ये गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके, शरीराची ठेवण आणि मनातील स्वतःची ओळख ही सर्व एकाच दिशेला जातात, त्यामुळे ती वेगवेगळी आहेत हे कधी कुणाच्या लक्षातही येत नाही. काहींमध्ये त्यांच्या वाटा फुटतात. अशा वेळी एकच पायरी उचलून तिला अंतिम निकाल मानणे हा आपला सोयीचा हट्ट आहे, शरीराचा नियम नव्हे.

त्या कालवडीचे तुम्ही लिहिले, हे बरे केले. गाईला खोंड आणि कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे आपल्याकडच्या जाणत्या शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे; दहांतील नऊ किंवा त्याहूनही अधिक वेळा तसेच घडते. अमेरिकी गर्भशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६ साली त्याचा उलगडा केला. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि भावाच्या शरीरातील रस बहिणीकडे वाहतो. त्या रसात मुख्य असते ते वर सांगितलेले अँटी-म्युलेरियन हार्मोन. म्हणजे तुमच्या कालवडीच्या शरीराची गुणसूत्रे ‘एक्सएक्स’ असूनही तिचे गर्भाशय नीट घडले नाही आणि तुमच्या मुलीची गुणसूत्रे ‘एक्सवाय’ असल्याने तिचे घडले नाही, पण दोघींच्या बाबतीत काम केले ते एकाच संप्रेरकाने. त्या कालवडीला तुम्ही कधी खोंड म्हटले नव्हते, हेही आठवा. साम्य इथे संपते. गोठ्यात जनावराची किंमत वेतावर आणि दुधावर ठरते आणि शेतकऱ्याला तसा हिशेब करावाच लागतो. तुमच्या बहिणीच्या सासरच्यांनी तोच हिशेब माणसाला लावला. तुमची झोप उडाली आहे ती त्या हिशेबाच्या भीतीने, जीवशास्त्राच्या नव्हे.

‘वाय’ म्हणजे नर हा नियम तरी सगळीकडे कुठे चालतो? भिलवडी-औदुंबराच्या परिसरात कृष्णेच्या काठी ज्या मगरी दिसतात, त्यांना लिंग ठरवणारी गुणसूत्रेच नसतात. वाळूत पुरलेली अंडी किती तापमानात उबतात, त्यावर पिलू नर होणार की मादी हे ठरते, साधारण ३२.५ अंश सेल्सिअसच्या आसपास नर निपजतात आणि त्याहून दोन-तीन अंश कमी तापमानात माद्या. कोंबड्यांत वेगळ्या जातीची दोन गुणसूत्रे नराकडे नसून मादीकडे असतात, आणि कोंबडीचा एकुलता कार्यक्षम डावा बीजांडकोश निकामी झाला, तर ती तुरा वाढवून आरवूही लागते. गावाकडे त्याला अपशकुन मानून तिची मान मुरगाळली जाते, हे वेगळे. प्राण्यांत असे घडते म्हणून माणसांनी अमुक प्रकारे वागावे, असा युक्तिवाद मी करणार नाही, कारण प्राण्यांत बरेच काही घडते. मला एवढेच दाखवायचे आहे की, सजीवांनी नर आणि मादी घडवण्याच्या अनेक वाटा काढल्या आहेत आणि कोणत्याही वाटेवर मधे थांबलेले, वळलेले जीव असतातच.

ग्रहणाचा आणि फवारणीचा विचार आता मनातून काढून टाका. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. फवारणीपासून गरोदर बाईने दूरच राहावे हे खरे, पण या स्थितीचे कारण ते नव्हे. जनुकातील हा बदल गर्भ रुजला तेव्हाच त्यात होता, आणि तुमच्या बहिणीचे उदाहरण पाहता तो तुमच्या आईपासून तुम्हा दोघींपर्यंत आला असावा. तुमच्याजवळ दोन ‘एक्स’ असल्याने एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली आणि तुम्हाला काही त्रास झाला नाही. ‘एक्स’ आईकडून येतो, हे वाक्य सासरी तुमच्याविरुद्ध वापरले जाईल याची मला कल्पना आहे. त्यावर उत्तर एकच: आपल्या कोणत्या जनुकात काय आहे हे पाहून कुणीही मूल जन्माला घालत नाही, नणंदबाईंनीही घातलेले नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. घाई कशाची आहे, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पोटातील वृषणांत पुढे कधीतरी गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून ते काढण्याचा सल्ला दिला जातो. परंतु ‘संपूर्ण असंवेदनशीलता’ असेल, तर वयात येईपर्यंत हा धोका फारच थोडा असतो आणि नंतर वयानुसार हळूहळू वाढतो. त्याच ग्रंथी आज तिच्या हाडांना लागणारे इस्ट्रोजेन पुरवत आहेत. त्या काढल्या, तर पन्नाशीच्या आसपासपर्यंत इस्ट्रोजेनची औषधे नियमित घ्यावी लागतात आणि ती टाळली तर हाडे ठिसूळ होतात. काही स्त्रिया विचारपूर्वक शस्त्रक्रिया करून घेतात, काही ग्रंथी ठेवून ठराविक काळाने तपासणी करत राहतात; दोन्ही मार्ग वैद्यकाला मान्य आहेत. याउलट ‘एक्सवाय’ अहवाल येणाऱ्या काही अन्य स्थितींत गाठीचा धोका बराच मोठा असतो आणि तिथे थांबणे योग्य नसते. म्हणून नेमके निदान आधी आणि शस्त्रक्रिया मागाहून, हा क्रम सोडू नका. संप्रेरकांच्या चाचण्या आणि त्या जनुकाची तपासणी करून घ्या. जनुकाचा नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागू शकतो. संप्रेरकतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक या तिघांचे मत घ्या, आणि पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून दुसरे मत टाळू नका. योनिमार्ग लांबीला कमी असेल, तर त्यावर बहुधा शस्त्रक्रियेविना उपाय होतो, आणि तोही तिला स्वतःला हवा वाटेल तेव्हाच करायचा असतो.

या सर्वांत एक गोष्ट तुमच्या घरात कुणीच मोजलेली नाही. मुलगी १८ वर्षांची झाली आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही तिची लागेल, तिच्या वडिलांची चालणार नाही, आणि गाठ आहे असे सांगून घेतलेली सही ही संमती नसते. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. लेकीला दुःखापासून वाचवावे एवढेच त्यांना वाटत असणार. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे औषधे कशासाठी, पाळी का नाही, हे ती विचारणारच. मोबाइल हातात असलेल्या मुलीला अहवालातील चार शब्द शोधायला वेळ लागत नाही. तेव्हा तिला दोन आघात बसतील, एक माहितीचा आणि दुसरा तुम्ही ती लपवल्याचा. पहिल्यातून मुली सावरतात. दुसरा आई-मुलीच्या नात्यात दीर्घकाळ सलत राहतो.

तेव्हा तिला तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा, मात्र भरतीच्या मैदानी चाचणीच्या तोंडावर नको. घरात पाहुणे नसतील अशी वेळ निवडा. सगळे एकाच बैठकीत सांगण्याची गरज नाही. ‘तुझ्या शरीरात गर्भाशय घडलेले नाही, म्हणून पाळी येणार नाही आणि तुला मूल पोटात वाढवता येणार नाही, यात तुझा किंवा कुणाचा दोष नाही,’ एवढ्यापासून सुरुवात करता येईल. ती रडेल, कदाचित चिडेल. तिला तसे करू द्या आणि लगेच दिलासा देण्याची घाई करू नका. गुणसूत्रांचा भाग दुसऱ्या दिवशी किंवा समुपदेशकांसमोर सांगितला तरी चालेल, पण तो गाळू नका, आणि ‘तू मुलगा आहेस’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून तिच्या कानावर पडू देऊ नका. ही स्थिती असलेल्या बहुसंख्य व्यक्ती स्वतःला स्त्रीच समजतात. उद्या तिला स्वतःविषयी काही वेगळे जाणवले, तर ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे. अहवालाची फाइल तिच्या हाती द्या आणि आणखी कुणाला सांगायचे हे तिला ठरवू द्या.

लवकर सांगण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिची भरती. नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८च्या भरतीत निवडल्या गेलेल्या एका तरुणीच्या वैद्यकीय तपासणीत असाच अहवाल आला आणि तिची नेमणूक अडली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या त्या तरुणीला हे तोवर माहीतच नव्हते. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०२२ साली राज्य सरकारने तिला शिपाईपदाऐवजी पोलीस खात्यातच अन्य पदावर घेण्याची तयारी दाखवली. हा निम्माच न्याय झाला असे माझे मत आहे, तरीही दार पूर्ण बंद नाही हे त्यातून दिसते. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला १९८५ साली गुणसूत्रांच्या चाचणीवरून स्पर्धेबाहेर काढले गेले. तिची स्थितीही हीच होती. शरीर टेस्टोस्टेरॉन वापरूच शकत नाही, तर त्याचा लाभ कसा मिळेल, हा मुद्दा अखेर मान्य झाला आणि १९८८ साली तिला पुन्हा महिलांमध्ये धावण्याची मुभा मिळाली. तुमच्या मुलीने भरती सोडावी असे मी म्हणणार नाही. तिने कागदपत्रे हाती ठेवून, जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन त्या परीक्षेला जावे.

नणंदबाईंच्या प्रस्तावाविषयी थोडक्यात लिहिते. मुलीला विचारलेले नाही. त्यांच्या मुलालाही बहुधा काही सांगितलेले नाही. म्हणजे ज्या दोघांचा संसार मांडायचा, ते दोघेही अंधारात आणि बाकी सारे घर उजेडात. महत्त्वाची बाब दडवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम १२ खाली तो विवाह रद्द ठरवून मागता येतो, हे त्यांना सांगा. लग्न तिला पुढे करता येईल, सर्व ठाऊक असलेल्या आणि समजून घेतलेल्या माणसाशी. मूल दत्तक घेता येईल. लग्न न करताही जगता येईल. यांतील काहीही या दिवाळीच्या आत ठरवायचे नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठीही दोन गोष्टी लिहिते. मुलीला १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा १३ व्या वर्षापर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण दिसत नसेल, तर ‘आमच्या घराण्यात उशिराच येते’ म्हणत थांबू नका. त्याची कारणे अनेक असतात आणि बहुतेक साधी असतात. नवजात बाळाच्या जननेंद्रियांवरून मुलगा की मुलगी हे स्पष्ट होत नसेल, तर शरीरातील क्षार झपाट्याने कमी करणारा अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरील ग्रंथीचा) विकार नाही ना, ही तपासणी तातडीची असते, कारण त्यात बाळाच्या जिवाला धोका असतो. बाळाला कोणत्या साच्यात बसवायचे याची शस्त्रक्रिया मात्र तातडीची नसते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा अर्भकांवरील अनावश्यक शस्त्रक्रियांना मनाई करण्याचा आदेश दिला आणि तमिळनाडू सरकारने तो अमलात आणला. आपल्या राज्यातही तसे व्हायला हवे.

आणि ताई, तुमच्या थोरल्या बहिणीचा विचार या गडबडीत मागे पडू देऊ नका. तिची कधी तपासणीच झालेली नसेल, तर त्या ग्रंथी आजही तिच्या पोटात असतील आणि तिच्या वयात गाठीचा धोका तुमच्या मुलीपेक्षा अधिक आहे. मुलीला घेऊन संप्रेरकतज्ज्ञांकडे जाल, तेव्हा बहिणीलाही सोबत न्या. तिची सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. मुलीला सांगून झाले आणि तिची हरकत नसली, तर मावशी-भाचीला एकमेकींशी बोलू द्या. आपण का परत पाठवले गेलो, याचे वैद्यकीय कारण तुमच्या बहिणीला आजवर कुणी सांगितलेले नसावे, आणि तेही ऐकण्याचा तिला अधिकार आहे.